ट्रॅक्टरचे तेल आणि ताकद : निदानविद्येची प्रस्तावना

गॅरेजमध्ये येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन तक्रारी पुष्कळदा जोडीने येतात : खाली तेल गळते आणि गाडी ओढत नाही. दोन्हींचे मूळ एक असू शकते, किंवा त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसतो. हत्यार हाती घेण्याआधी ते ठरवणे, हा या विद्येचा गाभा आहे. आपल्याकडे ती बहुतांशी वर्कशॉपमध्ये, वस्तादाच्या शेजारी उभे राहून शिकली गेली. तिच्यामागचा विचार सलग मांडला, तर तिच्यात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाची वाट सोपी होईल.

हा विचार इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर ट्रॅक्टरच्या घडणीत आहे. 1917 साली हेन्री फोर्ड यांच्या फोर्डसनने वेगळी चासी ठेवलीच नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांची बिडाची हौसिंगे एकमेकांना बोल्टांनी जोडली आणि तोच सांगाडा झाला. आजचे बहुतेक शेती-ट्रॅक्टर याच घडणीचे आहेत. त्यामुळे क्लचजवळचे किरकोळ किमतीचे ऑईल सील बदलायचे, तरी सहसा ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भागांत करावा लागतो. निदान चुकले, की शेतकऱ्याची मजुरी जाते आणि ऐन पेरणीचे दिवसही जातात.

दुसरी गुंतागुंत हॅरी फर्ग्युसन यांच्या रचनेतून आली. 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन 9एनमध्ये हायड्रॉलिक लिफ्टचा पंप ट्रान्समिशनच्याच तेलात बसवला होता. 1946 च्या टीई20नेही तीच मांडणी ठेवली. 1960 मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या टाफे या कंपनीने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवायला घेतले, तेव्हा ही परंपरा आपल्या शिवारात आली. अशा ट्रॅक्टरमध्ये एकच तेल गिअरांना वंगण देते आणि लिफ्टही उचलते. ब्रेक तेलात बुडालेले असतील, तर त्यांच्या प्लेटाही तेच थंड ठेवते. म्हणून पातळी घटली, की गिअर कुरकुरण्याच्या आधीच लिफ्ट हिसके देऊ लागते, कारण पंप तेलासोबत हवा ओढतो. चालकाला वाटते लिफ्ट बिघडली. खरे दुखणे कुठल्या तरी सीलमध्ये असते.

क्लच हौसिंगच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकातून टिपकणारा थेंब जवळून पाहण्यासारखा आहे. या हौसिंगच्या पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स. गळती दोन्हीकडून होऊ शकते. तळ डिझेलने धुऊन कोरडा करावा, तासभर काम घ्यावे आणि थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपावा. काळा डाग उमटला तर संशय क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवर. मधासारखा पिवळसर आणि चिकट उमटला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलवर. दोन्ही डिपस्टिकांची पातळी त्याला पुरावा देते. फक्त ट्रॅक्टर सपाटीवर, इंजिन बंद आणि लिफ्ट खाली सोडलेली हवी. इथेच गळती आणि ताकदीची गाठ पडते, कारण हे तेल कोरड्या क्लचप्लेटवर उडाले की क्लच घसरतो.

पण ‘ओढत नाही’ या दोन शब्दांवर कोणी क्लच उघडू नये. नांगर लावून, वरच्या गिअरमध्ये, आरपीएम मीटरवर डोळा ठेवून चालवावे. भार येताच इंजिनच दबले आणि काळा धूर आला, तर एअर फिल्टर आणि डिझेल पुरवठा आधी तपासावा. इंजिन मोकळे फिरते आहे आणि ट्रॅक्टर मंदावतो आहे, तर क्लच. चाके जागीच फिरत असतील तर दोष टायरांचा किंवा कमी पडणाऱ्या वजनाचा. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय चाचणी संस्थेच्या अहवालांत ट्रॅक्टरची पीटीओवरची, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या शाफ्टवरची, ताकद आणि ओढ मोजून दिलेली असते. नव्या अभ्यासकाने ते अहवाल वाचायची सवय लावून घ्यावी, म्हणजे ‘दम कमी झाला’ ही तक्रार आकड्याशी ताडून पाहता येते.

सर्वांत फसवी गळती जमिनीवर दिसतच नाही. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवर चालतो. त्याच्या शाफ्टचे सील गेले, तर ट्रान्समिशनचे तेल इंजिनच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. एक पातळी घटते, दुसरी वाढते आणि खाली थेंबही नसतो. याउलट नवे सील पंधरवड्यात पुन्हा गळू लागले, तर बुजलेला ब्रीदर आठवावा. तापलेल्या हौसिंगमधल्या हवेला वाट मिळाली नाही, की ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. माझ्या मते कोणतेही सील मागवण्याआधी ब्रीदर साफ करणे हा नियमच असावा.

आयटीआयचा ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ शिकणारा मुलगा आणि राहुरीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयातली विद्यार्थिनी, दोघांनाही इथे करण्यासारखे खूप आहे. भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या तेलात पाणी शिरून ते दुधाळ होते. कोल्हापूर-सांगलीत उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्याचे तेल तापते आणि क्लच झिजतो. अशा दोन ट्रॅक्टरांच्या मालकांना तासांच्या एकाच हिशेबाने तेल बदलायला सांगणे कितपत योग्य, हे शेतात जाऊन, नमुने काढून, नोंदी ठेवूनच ठरवता येईल.