खोडदची दुर्बीण: एका संशोधन प्रकल्पाच्या ओळखीचा इतिहास

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, हा पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातला सर्वांत मोठा संशोधन प्रकल्प. मंचरहून नाशिकच्या रस्त्याला लागावे आणि नारायणगावला उजवीकडे वळावे. तिथून साधारण दहा किलोमीटरवर खोडद. कांद्याच्या आणि उसाच्या शेतांपलीकडे 45 मीटर व्यासाच्या तबकड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसतात. अशा 30 तबकड्यांची मिळून एक दुर्बीण होते. 14 तबकड्या खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन शाखांवर पसरल्या आहेत. त्यांतली दक्षिण शाखा आंबेगावच्या बाजूला उतरते. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींवर काम करणाऱ्या जगातल्या मोजक्या मोठ्या दुर्बिणींत हिची गणना होते. परदेशी शास्त्रज्ञ तिला चार इंग्रजी अक्षरांनी ओळखतात, तर गावकरी ‘खोडदची दुर्बीण’ म्हणतात.

ही ओळख कोणी चित्रकाराला बोलावून काढून घेतली नाही. तिचा मोठा भाग लोखंड, तारा आणि काटकसर यांतून आपसूक घडला. बाकीचा भाग इंटरनेट आल्यावर, निरीक्षणांच्या वेळेची वाटणी आणि आकडेवारीची साठवण यांच्या गरजेतून तयार झाला.

भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली दोन साधने आपापल्या गावांच्या नावाने ओळखली गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप 1963 मध्ये रुजू झाले. ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या तिथल्या सीएसआयआरओ या संस्थेने भारताला भेट दिल्या होत्या. स्वरूपांच्या गटाने त्या कल्याणला उभ्या केल्या आणि 1965 पासून सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. 1970 मध्ये उटीजवळच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशी अर्धनळीसारखी दुर्बीण आली. त्या उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका असल्याने दुर्बीण एकाच अक्षाभोवती फिरवली तरी आकाशातल्या स्रोताचा पाठलाग करता येतो. पहिली ‘कल्याणची’ आणि दुसरी ‘उटीची’, एवढीच त्यांची नावे होती.

1984 च्या सुमारास स्वरूपांनी मांडलेल्या तिसऱ्या योजनेच्या नावात मात्र गाव नव्हते. आकार आणि लहरीची लांबी हेच तिचे नाव झाले. त्यामागे हिशेब होता. प्रगत देशांत मीटरलांबीच्या लहरींचा पट्टा दूरचित्रवाणी, रेडिओ आणि संदेशवहन यांच्या गोंगाटाने भरून गेला होता. तेव्हाच्या भारतात तो गोंगाट बराच कमी होता. शिवाय लांब लहरींसाठी तबकडीचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असावा लागत नाही, त्यामुळे मोठी तबकडी कमी पैशांत बसते. ‘मीटरवेव्ह’ या एका शब्दात ही सगळी बाजू मांडली गेली. ‘जायंट’ हा शब्द जरा बढाईखोर वाटतो, पण खोडदच्या माळावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो खटकत नाही.

दुर्बिणीचे चित्र ठरले ते तबकडीच्या रचनेमुळे. जगातल्या बहुतेक मोठ्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या, पांढऱ्या आणि अवजड असतात. खोडदची तबकडी आरपार दिसते. नळ्यांच्या 16 परवलयाकार फासळ्यांमध्ये पोलादी दोर ताणले आहेत आणि त्या दोरांवर गंज न चढणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी बांधली आहे. मध्यभागी जाळीची भोके 10 मिलिमीटरची, तर कडेला 20 मिलिमीटरची. 21 सेंटिमीटरच्या किंवा त्याहून लांब लहरीला एवढे भोक जाणवतच नाही, ती आरशावर आदळल्यासारखी परतते. वारा मात्र जाळीतून निघून जातो. वाऱ्याचा जोर कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. या रचनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘स्मार्ट’ हा शब्द झाला. त्या काळी तो अजून फोनला चिकटला नव्हता.

दुपारच्या उन्हात ही तबकडी फिकट दिसते, जवळजवळ नसल्यासारखी. सूर्य कलला की तिरप्या प्रकाशात तारा चमकतात आणि सगळी जाळी एकदम डोळ्यांत भरते. म्हणूनच तिची बहुतेक नामांकित छायाचित्रे सकाळची किंवा संध्याकाळची आहेत. मागे सह्याद्रीचा पुसट कडा आणि पुढे कोळ्याच्या जाळ्यासारखी वाटी, असे ते चित्र. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके आणि परिषदांची भित्तिपत्रके यांत हेच चित्र पुन्हा पुन्हा छापले गेले. वेगळ्या बोधचिन्हाची गरज त्यामुळे फारशी भासली नाही.

आतल्या माणसांची ओळख आणखी वेगळी आहे. प्रत्येक तबकडीला अक्षर आणि आकडा मिळून नाव आहे. मधल्या चौकातल्या तबकड्या सी-00 पासून सी-14 पर्यंत, पण त्यांत सी-07 नाही. पूर्व शाखा ई-02 पासून सुरू होते. दक्षिण शाखेत एस-04 नंतर थेट एस-06 येते. पश्चिम शाखेच्या सहाच्या सहा तबकड्या ओळीने लागतात. अवकाश-भौतिकीत काम करणारा परदेशी विद्यार्थी खोडदला कधी आला नसला तरी ‘आज डब्ल्यू-06 बंद होती’ हे त्याला ठाऊक असते, कारण त्या तबकडीची आकडेवारी त्याच्या संगणकावर कोरी आलेली असते.

आकाशाचे चित्र काढणे हा याहून अवघड भाग. रेडिओलहरींना रंग नसतो. दुर्बिणीतून छायाचित्र बाहेर येत नाही, तबकड्यांच्या जोड्यांनी केलेली मापने बाहेर येतात. त्यांवर गणित करून प्रतिमा बांधावी लागते. छपाई काळ्यापांढऱ्यात होती तोवर या प्रतिमा समोच्च रेषांनी दाखवत, डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा काढतात तशा. रेडिओ खगोलशास्त्रातले सर्वांत गाजलेले चित्र तर निव्वळ रेघांचे आहे. पहिल्या स्पंदताऱ्याच्या एकामागून एक आलेल्या ठोक्यांचा आलेख हॅरॉल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने कॉर्नेल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात छापला होता. 1979 मध्ये जॉय डिव्हिजन या ब्रिटिश वाद्यवृंदाने तो ‘अननोन प्लेझर्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर घेतला आणि पुढे तो सदऱ्यांवरही पोहोचला. तो सदरा घालणाऱ्या बहुतेकांना तो स्पंदताऱ्याचा आलेख आहे याची कल्पना नसते.

संगणकाचे पडदे रंगीत झाल्यावर समोच्च रेषांच्या जागी रंग आले. दृश्य प्रकाशातल्या दीर्घिकेवर रेडिओ प्रतिमा लाल किंवा निळ्या रंगात चढवण्याचा प्रघात पडला. रंग कोणता हे चित्र करणारा ठरवतो. त्यात चूक-बरोबर काही नाही. तो चित्राखाली सांगितला गेला पाहिजे, एवढीच अट. अशा प्रतिमांची देवाणघेवाण जगभर होऊ शकली ती फिट्स या 1981 मध्ये ठरलेल्या फाइलपद्धतीमुळे. खोडदला निघालेली प्रतिमा हॉलंडमधल्या किंवा न्यू मेक्सिकोतल्या संगणकावर तशीच उघडते. दिसायला किरकोळ वाटणारी ही गोष्ट कुठल्याही बोधचिन्हापेक्षा जास्त कामाची ठरली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाले. त्याच सुमारास खोडदच्या तबकड्यांचे बांधकाम शेवटच्या टप्प्यात होते. 2002 पासून दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली झाली आणि तिथून तिची ऑनलाइन उपस्थिती खऱ्या अर्थाने सुरू होते. निरीक्षणांचे वर्षाला दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हंगामाआधी जगभरातून प्रस्ताव येतात, समिती ते तपासते आणि तासांची वाटणी करते. उपलब्ध तासांपेक्षा मागणी नेहमीच जास्त. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे एनसीआरएचे, संकेतस्थळ हा या व्यवहाराचा दरवाजा झाला. प्रस्ताव तिथेच भरायचे आणि ठरावीक मुदत संपल्यावर इतरांची जुनी निरीक्षणेही तिथूनच मागवायची. या साठ्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘गोवा’ अशी जुळतात. हा विनोद जाणूनबुजून केलेला असावा.

साठा खुला असल्याचा सर्वांत मोठा लाभ टीजीएसएस या आकाशपाहणीत दिसला. 2010 ते 2012 या काळात दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झवर तिच्या आवाक्यातले जवळजवळ सगळे आकाश टिपले. ती कच्ची आकडेवारी घेऊन ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या पद्धतीने प्रतिमा पुन्हा तयार केल्या आणि 2016 मध्ये त्या सर्वांसाठी ठेवल्या. 36,900 चौरस अंश आकाश, म्हणजे एकूण खगोलाचा सुमारे 90 टक्के भाग, आणि सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओस्रोतांची यादी. आता कोणीही आकाशातल्या एखाद्या जागेचे सहनिर्देशक टाकून तिथला खोडदने टिपलेला तुकडा पाहू शकतो.

व्यावसायिक शास्त्रज्ञांबाहेरची ओळख दुसऱ्या वाटेने वाढली. डॉ. आनंद होता यांनी 2013 मध्ये रॅड अ‍ॅट होम हा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला. तो फेसबुकवरच्या गटातून चालला. विज्ञानाचे विद्यार्थी जीएमआरटीच्या प्रतिमा पडद्यावर ताणून बघतात, दोन दीर्घिकांमधला फवारा किंवा विझत चाललेले रेडिओढग शोधतात आणि वेगळे काही दिसले की गटात टाकतात. त्यातून शोधनिबंधही निघाले.

या सगळ्याला एक गमतीदार अडचण आहे. ज्या दुर्बिणीची चित्रे पडद्यावर फिरतात तिच्या आवारात मोबाइल चालू ठेवता येत नाही. दूरच्या दीर्घिकेकडून येणारी लहर इतकी क्षीण असते की खिशातला फोन तिच्यापुढे आरडाओरडा करणारा ठरतो. म्हणजे लाखो माणसे सहलीला जाऊन स्वतःची छबी टाकतात तशी प्रसिद्धी या प्रकल्पाला मिळूच शकत नाही. त्याची चित्रे बहुतांशी आतल्या माणसांनी, योजून काढलेली आहेत. एका परीने ते बरेच झाले.

19 ऑक्टोबर 2016 ला खोडदचे नाव एका वेगळ्याच बातमीत आले. युरोपीय अवकाश संस्थेचे स्किआपरेली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरायचे होते. त्याचा 401 मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण संदेश पृथ्वीवर थेट पकडता येतो का, हा प्रयोग जीएमआरटीवर केला गेला. संदेश पकडला गेला. जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या नियंत्रण कक्षात यान वातावरणात शिरल्याचे आणि छत्री उघडल्याचे कळले ते खोडदकडून. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी संदेश तुटला, आणि यान आदळले हे नंतर स्पष्ट झाले. मोहिमेचा तो भाग फसला. दुर्बीण मात्र त्या संध्याकाळी जगभरच्या प्रक्षेपणात होती.

एरवी ओळख टिकवण्याचे काम श्रेयओळ करते. दुर्बीण वापरणाऱ्या प्रत्येकाने निबंधाच्या शेवटी तिथल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानायचे आणि ती एनसीआरए चालवते हे लिहायचे, असा दंडक आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये ओफिउकस दीर्घिकासमूहातल्या प्रचंड स्फोटाची प्रतिमा नासाने प्रसिद्ध केली. तिच्यात क्ष-किरणांचा थर चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींचा होता आणि रेडिओचा थर खोडदचा. चित्राखालच्या बारीक अक्षरांत ते नाव होते. अमेरिकेतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरे या अशाच वाय आकाराच्या दुर्बिणीला ‘काँटॅक्ट’ या 1997 च्या चित्रपटाने घरोघरी नेले आणि पुढे लोकांकडून नावे मागवून 2012 मध्ये तिचे नव्याने बारसेही झाले. खोडदच्या नावात त्याच दशकात फक्त एका छोट्या यू अक्षराची भर पडली. एकावेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या जागी 400 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारी यंत्रणा आली, त्याची ती खूण.

पंचक्रोशीत ओळख पोचली ती संकेतस्थळावरून नव्हे, जत्रेसारख्या गर्दीतून. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या शाळा-महाविद्यालयांची मुले पुठ्ठ्याचे आणि थर्माकोलचे प्रयोग मांडतात आणि एरवी बंद असणारे आवार पाहायला मिळते. नारायणगावला अशी गर्दी नवी नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, बाहेर फडाच्या नावाचे ठसठशीत फलक असतात आणि गावोगावचे पंच फलक बघत सुपारी द्यायला फिरतात. नावाचे मोल या बाजारपेठेला फार आधीपासून कळले आहे. त्याही आधीचा दाखला जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. सातवाहन राजकुळाच्या प्रतिमांच्या डोक्यावर तिथे ब्राह्मी लिपीत एकेकाचे नाव कोरले होते. प्रतिमांची आता पावले तेवढी राहिली आहेत, वरची नावे वाचता येतात.

नोव्हेंबर 2020 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला ‘माइलस्टोन’ हा मान दिला. जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामानंतर भारताला मिळालेला हा तिसरा. त्याआधी दोनच महिने, 7 सप्टेंबरला, गोविंद स्वरूप यांचे पुण्यात निधन झाले होते. 2025 मध्ये दुर्बीण पुन्हा स्थानिक बातम्यांत आली, या वेळी पुणे-नाशिक रेल्वेमुळे. नारायणगावमार्गे आखलेल्या मार्गाने निरीक्षणांत अडथळा येईल, असे कारण देऊन रेल्वे मंत्रालयाने तो मार्ग बदलायचे ठरवले. मंचर, नारायणगाव, जुन्नर भागातून त्याला विरोध झाला. निवेदने निघाली आणि मोर्चेही. एरवी शाळेच्या सहलीतच भेटणारी ‘जीएमआरटी’ ही चार अक्षरे चहाच्या टपरीवरच्या बोलण्यात आली.