संदर्भ लेख : दिल्लीचा ‘जागो’ आणि बिगरफिल्मी गाण्याची दखल

नवी दिल्ली : चित्रपटाचा आधार नसलेले, एकट्या कलावंताने यंत्रांच्या साहाय्याने रचलेले आणि एकांतात ऐकण्याजोगे हिंदी गाणे देशाच्या संगीतविश्वात कोणाच्या नजरेस पडते? २०१९ मध्ये दिल्लीतून प्रसिद्ध झालेल्या ‘जागो’ या अल्बमच्या निमित्ताने हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. सूर्यकांत साहनी यांनी ‘लिफाफा’ या नावाने केलेल्या या अल्बमची समीक्षक आणि श्रोते या दोघांनीही दखल घेतली. मात्र दोघांनी त्यात ऐकलेल्या गोष्टी सर्वस्वी सारख्या नव्हत्या.

पार्श्वभूमी

साहनी हे दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या वाद्यवृंदाचे प्रमुख गायक आहेत. जॅझ, वॉल्ट्झ आणि डिस्को यांच्या मिश्रणातून घडलेली या वृंदाची गाणी मुख्यतः इंग्रजीत आहेत. त्यांच्या २०१० ते २०१६ या काळातील निवडक गाण्यांचा संग्रह २०१८ मध्ये ‘पानाश’ या फ्रेंच कंपनीने प्रसिद्ध केला आणि वृंदाचे नाव युरोपात पोहोचले. ‘बिस्मिल्लाह’ हा त्यांचा अल्बम ‘जागो’च्याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये आला.

‘लिफाफा’ हा साहनी यांचा स्वतंत्र उपक्रम आहे. येथे वृंद मागे पडतो आणि सिंथेसायझर, ड्रम मशीन, पुन्हा पुन्हा फिरणारे ध्वनितुकडे व भारदस्त पण सैलसर आवाज पुढे येतो. भाषाही बदलते. ‘जागो’, ‘निकम्मा’, ‘दिन रात’, ‘चाकू चिड़िया’, ‘एक नग़्मा’ ही शीर्षकेच रोजच्या बोलीतील हिंदी-उर्दूशी असलेले त्यांचे नाते सांगतात. इंग्रजीत गाणाऱ्या दिल्लीच्या स्वतंत्र संगीतवर्तुळात ही निवड लक्षणीय ठरली.

समीक्षकांचे आणि श्रोत्यांचे ऐकणे

‘जागो’बद्दलच्या लेखनात तीन मुद्द्यांना विशेष स्थान मिळाले. पहिला, जुन्या हिंदी गाण्यांच्या छायेचा. या अल्बममध्ये गतकाळातील चित्रपटसंगीताचा सूर जाणवतो. पण तो जसाच्या तसा न येता यंत्राच्या ठेक्यात विरघळून, काहीसा अंधुक होऊन येतो. दुसरा मुद्दा भाषेचा. आणि तिसरा, आशयाचा : ‘जागो’ ही हाक नेमकी कोणाला आहे? अल्बम लोकसभा निवडणुकीच्या वर्षी आला. त्यामुळे त्यातील उपरोधाकडे आणि अस्वस्थतेकडे सामाजिक भाष्य म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक होते. २०२१ मध्ये आलेल्या ‘सुपरपॉवर २०२०’ या पुढच्या अल्बमच्या नावाने या वाचनाला पुष्टीच दिली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांच्या १९९८ च्या पुस्तकानंतर ‘२०२०’ हे साल विकसित भारताच्या स्वप्नाशी जोडले गेले होते. महासाथीच्या छायेत ते साल उलटून गेल्यावर हे शीर्षक आले.

श्रोत्यांच्या वाट्याला मात्र ही गाणी प्रथम मनःस्थिती म्हणून आली. ‘निकम्मा’मधील बिनकामाचा माणूस, ‘दिन रात’मधील सरता न सरणारा वेळ आणि पुढच्या अल्बममधील ‘वहीं का वहीं’ची जागच्या जागी अडकल्याची भावना यांसाठी कोणत्याही राजकीय संदर्भाची गरज भासत नाही. कामासाठी महानगरात आलेल्या, रात्री कानात हेडफोन घालून घरी परतणाऱ्या तरुणाला ती स्वतःची वाटू शकतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात तीच गाणी नाचण्याजोगी होतात. खासगी उदासी आणि सामूहिक नृत्य यांचा हा मेळ ‘लिफाफा’चे वैशिष्ट्य मानला जातो.

आक्षेपांनाही जागा आहे. अशा संगीतात एकच स्वरावली दीर्घकाळ फिरते, मुखडा-अंतरा अशी परिचित बांधणी सैल होते, शब्द कधी ठेक्याखाली दबतात. चित्रपटगीतावर पोसलेल्या कानाला त्यात ‘चाल’ सापडत नाही. समीक्षक ज्याला संयम म्हणतो, त्याला सामान्य श्रोता कंटाळा म्हणू शकतो.

‘व्हेस्पर्टाइन’चा दाखला

हा पेच जगात नवा नाही. आइसलँडच्या गायिका ब्यॉर्क यांचा ऑगस्ट २००१ मधील ‘व्हेस्पर्टाइन’ हा अल्बम अशा अंतर्मुख इलेक्ट्रॉनिक संगीताचा मानदंड समजला जातो. त्याचे सुरुवातीचे नियोजित नाव घरगुतीपणा सुचवणारे ‘डोमेस्टिका’ होते. हार्प, संगीतपेट्या, समूहगान आणि ‘मॅटमॉस’ या अमेरिकी जोडीने घडवलेले अतिसूक्ष्म ठेके यांवर तो उभा आहे. इंटरनेटवरून उतरवून लहान स्पीकरवर ऐकतानाही बिघडणार नाहीत असे ध्वनी ब्यॉर्क यांनी त्यासाठी विचारपूर्वक निवडले होते.

बहुतेक समीक्षकांनी त्याचे स्वागत केले आणि ग्रॅमीच्या पर्यायी संगीत विभागात त्याला नामांकन मिळाले. तरीही ‘पिचफोर्क’ या अमेरिकी नियतकालिकाने त्या वेळी त्याला १० पैकी ७.२ गुण दिले होते. आधीच्या ‘होमोजेनिक’मधील आवेश यात नाही, अशी खंत काहींना होती. पुढील काळात हाच अल्बम त्यांच्या उत्तम कामांत गणला जाऊ लागला. २०१८ मध्ये जर्मनीतील मानहाइमच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने त्यावर ऑपेरा सादर केला. हळू आवाजात बोलणाऱ्या कलाकृतीला पहिल्या आठवड्यातील निकाल क्वचितच पुरा न्याय देतो, हा त्याचा अर्थ. मात्र त्या फेरविचारासाठी मूळ समीक्षा उपलब्ध होती, हेही तितकेच महत्त्वाचे.

दखल घेणारे कोण?

भारतात अडचण येथेच आहे. स्वतंत्र संगीताची नियमित समीक्षा करणारी व्यासपीठे मोजकी राहिली. १९९३ मध्ये अलाहाबादेतून सुरू झालेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ आणि २००८ मध्ये आलेली ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती ही त्यांतील ठळक नावे, दोन्हींची भाषा इंग्रजी. परिणामी हिंदीत गायलेल्या ‘जागो’सारख्या अल्बमची चर्चाही प्रामुख्याने इंग्रजीत होते आणि ती भाषा न वाचणाऱ्या श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही.

ही पोकळी इतर माध्यमे भरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘स्पॉटिफाय’ भारतात आले आणि गाण्यांच्या तयार याद्यांनी शिफारशीचे काम हाती घेतले. कधी दाद अनपेक्षित ठिकाणाहून येते. दिल्लीस्थित प्रतीक कुहाड यांच्या २०१८ मधील ‘कोल्ड/मेस’ या सहा गाण्यांच्या संग्रहाला तरुण श्रोत्यांनी आधीच आपलेसे केले होते. पण डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी शीर्षकगीताचा आपल्या आवडत्या गाण्यांत समावेश केल्यावर त्याची देशभर बातमी झाली. पुढील वर्षी कुहाड यांनी अमेरिकेतील ‘इलेक्ट्रा’ कंपनीशी करार केला. श्रोत्यांची पसंती आधीपासून होती, तिला मोठी बातमी होण्यास परदेशातील एका यादीची वाट पाहावी लागली.

मराठी वाचकाला याहून वेगळी परंपरा परिचित आहे. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकांपासून रुजलेले भावगीत हेही चित्रपटाबाहेरचे, घरात बसून ऐकायचे गाणे होते. मात्र त्याला आकाशवाणी लाभली, ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांतून श्रोत्यांची पसंती नावानिशी जाहीर होत राहिली आणि मराठीतच त्यावर लिहिले-बोलले गेले. त्यामुळे भावगीताचा इतिहास सांगता येतो.

‘जागो’च्या पिढीतील श्रोत्यांची दाद मात्र खासगी कंपन्यांच्या मंचांवरील आकड्यांत आणि क्षणिक टिप्पण्यांत विखुरलेली आहे. कोणते गाणे किती वेळा वाजले, हे आकडे सांगतात. ते का भिडले, हे सांगत नाहीत. कंपनीने मंच बंद केला किंवा धोरण बदलले, तर आकडेही मागे राहतील याची खात्री नाही. साहनी आणि कुहाड यांच्यासारख्या कलावंतांच्या अल्बमना उद्या ‘व्हेस्पर्टाइन’प्रमाणे फेरमूल्यमापन लाभायचे असेल, तर आज कोणी काय ऐकले याची लेखी नोंद हवी, आणि ती गाण्याच्या भाषेतही हवी.