पितळी पुंगळीचा इतिहास : कारागिरी, पुनर्वापर आणि कायदा

शस्त्रांच्या इतिहासलेखनात पिस्तुलाला जे स्थान मिळते, ते काडतुसाच्या पितळी पुंगळीला मिळत नाही. वास्तविक काडतुसातील गोळी, दारू व प्रायमर खर्ची पडतात. पुंगळी मात्र पुन्हा वापरता येते.

पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. बार उडताच ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते व वायू मागे येऊ देत नाही. नंतर ती किंचित आकसते. परंतु मूळ मापावर येत नाही. म्हणून पुनर्भरणापूर्वी ती कठीण साच्यात दाबून मापात आणावी लागते. नवी गोळी बसविल्यावर तिचे तोंड आवळणे म्हणजे क्रिम्पिंग. ९ मिमी पिस्तुलाचे काडतूस पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकत असल्याने तेथे हलकी, निमुळती आवळणी द्यावी लागते. रिव्हॉल्वरचे काडतूस सामान्यतः बुडाच्या कंगोऱ्यावर टेकते; त्यामुळे कड आत वळविता येते.

महाराष्ट्रात धातुकामाचे कौशल्य नव्हते, असे म्हणता येत नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबटांची पिढीजात वसाहत होती. नजीकच खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. परंतु १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्रे व दारूगोळा बनविण्यास मनाई केली. कौशल्य समाजाकडे आणि काडतूस सरकारकडे, अशी ही विभागणी होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ज्या ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते लंडनहून चोरून आणलेल्या २० पिस्तुलांपैकी होते. सशस्त्र क्रांतिकारकांचे हे परावलंबित्व त्याच विभागणीचे द्योतक होय.

स्वातंत्र्यानंतरही नियंत्रणाचे तत्त्व कायम राहिले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व निर्मितीची यंत्रसामग्रीही अंतर्भूत केली. अमेरिकेत पुनर्भरण हा नेमबाजांचा घरगुती छंद ठरला. येथे निर्मिती प्रामुख्याने खडकी, वरणगाव यांसारख्या सरकारी कारखान्यांत केंद्रित झाली. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथची आयुध निर्माणीही काडतुसांसाठी लागणारे पितळी कप तयार करीत आली आहे.

तात्पर्य, रिकामी पुंगळी ही केवळ मोड नव्हे. ती पुन्हा मापात आणण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नात राज्यसंस्था व नागरिक यांच्या संबंधांचा इतिहास सामावलेला आहे.