कोरियाला ठाऊक नसलेली कोरियन कोशिंबीर

१/ सोल शहरात दोंगदेमुन बाजाराजवळ ग्वांगही-दोंग नावाचा भाग आहे. तेथील काही गल्ल्यांतील पाट्या सिरिलिक लिपीत आहेत. स्थलांतरितांच्या साध्या उझबेक खाणावळींत पुलाव, तंदूरमध्ये भाजलेला सामसा आणि हिरवा चहा मिळतो. जोडीला गाजराच्या लांब, बारीक किसाची तिखट-आंबट कोशिंबीर असते. तिचे नाव ‘मोर्कोव्चा’.

२/ मध्य आशियात ही कोशिंबीर ‘कोरियन’ म्हणून प्रसिद्ध आहे. कोरियाच्या पारंपरिक स्वयंपाकात मात्र ती कधीच नव्हती. हे कोडे उलगडण्यासाठी १९३७ सालाकडे वळावे लागते.

३/ १८६० च्या दशकापासून उत्तर कोरियातील गरीब शेतकरी सीमा ओलांडून रशियाच्या अतिपूर्व प्रदेशात स्थायिक होऊ लागले. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केल्यावर हा ओघ वाढला. हे लोक स्वतःला ‘कोर्यो-साराम’ म्हणवतात.

४/ २१ ऑगस्ट १९३७ रोजी स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सहीने आदेश निघाला. जपानी हेरगिरी रोखण्याच्या नावाखाली या प्रदेशातील समस्त कोरियन समाजाला हद्दपार करण्यात आले. ज्या जपानमुळे अनेकांनी मायभूमी सोडली होती, त्याचेच हस्तक असल्याचा हा संशय होता.

५/ सुमारे १,७२,००० माणसांना मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेण्यात आले. वाटेत आणि पहिल्या हिवाळ्यात अनेक मुले व वृद्ध दगावले. कझाकस्तानातील उश्तोबे येथे लोकांनी जमिनीत खड्डे खणून त्यांत थंडी काढली.

६/ पुढे त्यांनी ओसाड जमिनीवर भातशेती उभी केली. ताश्कंदजवळच्या ‘ध्रुवतारा’ या सामूहिक शेताचे प्रमुख किम प्योंग-ह्वा यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा सोव्हिएत संघाचा सन्मान दोनदा मिळाला.

७/ किमचीसाठी लागणारा लांबट कोबी या मुलखात सहज मिळत नव्हता. गाजर मात्र मुबलक होते. उझबेक पुलावाचा तर तो प्राणच. मग गाजराच्या किसाला मीठ, व्हिनेगर, लसूण, लाल तिखट आणि धने लावून वर कडकडीत तेल ओतले जाऊ लागले. आपल्या कोशिंबिरीवरील फोडणीचीच ही दूरची बहीण. रशियन ‘मोर्कोव’ म्हणजे गाजर. त्याला कोरियन प्रत्यय जोडून नाव तयार झाले. बाजारांतून ही कोशिंबीर साऱ्या सोव्हिएत संघात पोहोचली.

८/ १९९० मध्ये दक्षिण कोरिया आणि सोव्हिएत संघ यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. १९९१ मध्ये संघ विघटित झाला. पुढील काळात रोजगारासाठी उझबेक आणि कोर्यो-साराम दोघेही दक्षिण कोरियात येऊ लागले. अनेक कोर्यो-साराम रशियन बोलत होते आणि पूर्वजांची भाषा नव्याने शिकत होते.

९/ दक्षिण कोरियाच्या १९९९ च्या कायद्याने परदेशस्थ कोरियनांना सवलती दिल्या. पण १९४८ पूर्वी देश सोडलेल्यांचे वंशज त्यातून वगळले गेले. २००१ मध्ये घटना न्यायालयाने हा भेद घटनाविसंगत ठरवला आणि २००४ मध्ये कायदा बदलला. कोरियन असल्याबद्दल ज्यांच्या आजी-आजोबांनी हद्दपारी भोगली, त्यांना कोरियाच्या कायद्यात कोरियन ठरण्यासाठी एवढी वाट पाहावी लागली. मोर्कोव्चा ग्वांगही-दोंगमध्ये मिळते ती आजही उझबेक खाणावळीतच.