न विचारलेला प्रश्न : हैदराबाद, निजाम आणि मराठवाड्याचा कौल

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात सरकारी ध्वजारोहण होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे जवळपास तेच लेख नव्या मथळ्यांखाली येतात. या लेखांत एक वाक्य हमखास असते : हैदराबाद संस्थानातील जनतेने निजामाची राजवट झुगारून हिंदी संघराज्याच्या बाजूने कौल दिला. वाक्यामागची भावना खरी आहे. ‘कौल’ या शब्दापाशी मात्र आम्ही अडतो. देवाला कौल लावायचा तरी प्रश्न आधी मोठ्याने विचारावा लागतो. नांदेडच्या किंवा लातूरच्या एकाही मतदाराला हा प्रश्न मतपत्रिकेवर कधीच विचारला गेला नाही. विचारला जाईल असे मात्र एकाहून अधिक वेळा सांगितले गेले. त्या आश्वासनांचे काय झाले, आणि न झालेल्या मतदानाने मागे काय ठेवले, याचा हा शोध आहे.

संस्थानातील प्रजेला मतपेटी अगदीच अपरिचित होती असे नाही. १९३९ मध्ये निजाम सरकारने राजकीय सुधारणांची योजना जाहीर केली. युद्धामुळे ती रखडली आणि १९४६ मध्ये अंमलात आली. तिच्यातील विधिमंडळात हिंदू आणि मुसलमान यांना समसमान जागा होत्या. लोकसंख्येत हिंदूंचे प्रमाण चार-पंचमांशांहून अधिक असताना ही समता कोणत्या त्रैराशिकाने साधली होती, हे उघडच होते. १९३८ पासून बंदी असलेली स्टेट काँग्रेस जुलै १९४६ मध्ये मोकळी झाली आणि तिने या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. म्हणजे मराठवाड्याच्या राजकीय जागृतीचे मतपेटीशी आलेले पहिले नाते नकाराचे होते. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी जबाबदार राज्यपद्धती मागत होते. हाती पडत होता तो एक नकली ताजवा.

जून १९४७ मध्ये निजामाने आपण दोन्हींपैकी कोणत्याही राज्यात सामील होणार नाही असे जाहीर केले. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला, आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. त्याच सुमारास माउंटबॅटन यांनी निजामापुढे सार्वमताची कल्पना मांडली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली प्रजेला विचारा, ती म्हणेल ते दोघेही मान्य करू. निजामाने ती मानली नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला एका वर्षाचा जैसे थे करार झाला, पण मूळ प्रश्न लोंबकळतच राहिला. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन मायदेशी परतण्याच्या बेतात असताना जो शेवटचा मसुदा तयार झाला, त्यातही प्रौढ मतदानाने सार्वमत घेण्याचे कलम होते. निजामाने तो मसुदाही नाकारला.

या नकारामागे लातूरच्या एका वकिलाचा मोठा हात होता. कासिम रझवी लातुरात वकिली करत असे, आणि बहादूर यार जंग यांच्या १९४४ मधील मृत्यूनंतर काही काळाने इत्तेहाद-उल-मुसलमीनची सूत्रे त्याच्याकडे आली. इत्तेहादच्या विचाराचे मर्म असे की दख्खनवरील सत्ता ही निजाम या व्यक्तीची नसून मुसलमान समाजाची आहे आणि निजाम तिचे प्रतीक आहे. ज्या विचाराचा आरंभच बहुसंख्येला अमान्य करण्यापासून होतो, त्याला सार्वमत परवडणे शक्य नव्हते. हे कारण समजण्याजोगे आहे. आम्हाला अधिक विचारात पाडते ते पुढचे : सार्वमत नाकारणारा पक्ष हरल्यावर, ते मागणाऱ्या पक्षाने तरी ते का घेतले नाही?

एक उत्तर असे दिले जाते की निकाल ठरलेलाच होता. जुनागढचा दाखला त्यासाठी पुढे येतो. तिथे नवाब पाकिस्तानात निघून गेल्यावर २० फेब्रुवारी १९४८ ला मतदान घेण्यात आले. एकूण १,९०,८७० मते पडली, आणि त्यांपैकी पाकिस्तानच्या बाजूने केवळ ९१. हैदराबादेत प्रमाण इतके एकतर्फी झाले नसते, पण कौल कोणीकडे गेला असता याविषयी शंका नाही. आम्हाला विचाराल तर त्या ९१ मतांनीच आम्ही अधिक अस्वस्थ होतो. मोठी मुसलमान वस्ती असलेल्या संस्थानात विरुद्ध मत केवळ ९१ जणांनी दिले, याचा अर्थ सर्वांचे मतपरिवर्तन झाले होते असा घ्यायचा, की पराभूत पक्षाने घराबाहेर पडणेच टाळले असा?

हा प्रश्न लातूरकडे आणि नांदेडकडे वळवून पाहावा. १९४८ च्या आरंभापासून या भागात रझाकारांनी धुमाकूळ घातला होता. गावे जाळली जात होती, माणसे सीमेपलीकडे निर्वासित होत होती. स्टेट काँग्रेसने सरहद्दीबाहेर कँप उघडले होते. नांदेडच्या बाजूचे कार्यकर्ते वऱ्हाडातील उमरखेडात होते. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात हा सगळा काळ तपशीलवार आला आहे. त्या वातावरणात मतदान केंद्र कोण उघडणार होते?

१३ सप्टेंबरला हिंदुस्थानी फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतरचे काही आठवडे आमच्या स्मरणलेखनात फार त्रोटक येतात. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. तो दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. समितीच्या अंदाजाप्रमाणे कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. लातूर गावाविषयी समिती म्हणते की तिथे हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्या, आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे तिला आढळली. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आणि त्यातील आकड्यांवर वाद घालता येईल. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांचा त्याला संदर्भ आहे, हेही खरे. परंतु रझवीच्या गावात रझवीचे शेजारी म्हणून जी माणसे मेली ती सगळी रझाकार होती असे कोणी म्हणू नये.

अशा लातुरात १९४९ मध्ये सार्वमत झाले असते तर? विरोधी मताची पेटी बहुधा रिकामीच निघाली असती, आणि ती रिकामी पेटी पुढे एकमताचा पुरावा म्हणून दाखवली गेली असती. सार्वमत न घेण्याच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद आमच्या मते हाच आहे. तो त्या काळी कोणी केल्याचे दिसत नाही, कारण तो करायचा तर लातुरात काय घडले हे आधी मान्य करावे लागले असते.

त्याच वेळी हेही ध्यानात ठेवले पाहिजे की मते धर्माप्रमाणे सरळ दोन रांगांत उभी नव्हती. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. दलितांचे नेते श्यामसुंदर निजामाची बाजू मांडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेल्या शिष्टमंडळात होते. डॉ. आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच संस्थानातील अस्पृश्यांनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये असे बजावले होते. मोंढ्यातला व्यापारी, कसणारे कूळ, गावकुसाबाहेरचा मजूर, देशमुखाच्या वाड्यातला तरुण वकील, यांची कारणे निरनिराळी होती. मोजणी झाली असती तर ही कारणे बोलावी लागली असती. मोजणी झाली नाही आणि सर्वांच्या वतीने एकच कारण इतिहासात गेले.

विजयानंतर जनरल चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले, नंतर वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याकडे कारभार आला. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारणारे फर्मान काढले. त्यात राज्यातील जनतेच्या मान्यतेची अट होती, आणि ही मान्यता राज्याची स्वतंत्र घटनासभा निवडून तिच्याद्वारे घ्यायची होती. ही घटनासभा कधीच निवडली गेली नाही. आणि २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचे राजप्रमुख, म्हणजे अन्य प्रांतांत जे स्थान राज्यपालाचे ते, कोणाकडे आले? मीर उस्मान अली खान यांच्याकडे, वार्षिक पन्नास लाखांच्या तनख्यासह.

ज्याच्या विरुद्ध लोक तुरुंगात गेले, तोच घटनेच्या पहिल्या दिवसापासून घटनात्मक प्रमुख! दिल्लीची बाजू समजून घेता येते. निजामाच्याच तोंडून विलीनीकरण वदवले की बाहेरच्या जगाला उत्तर देणे सोपे जाते, संयुक्त राष्ट्रांपुढील तक्रार निर्जीव होते, मुसलमान प्रजेला दिलासा मिळतो. हे सगळे हिशेब चुकीचे नव्हते. पण त्या हिशेबात नांदेडचा शेतकरी कुठेच नव्हता. निवडून आलेला मुख्यमंत्री नावडता झाला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. राजप्रमुखाला हात लावण्याची कोणतीही वाट मतदारापाशी नव्हती, आणि मंत्र्यांना शपथ देण्याचे काम त्याच्याकडेच होते.

१९५२ ची सार्वत्रिक निवडणूक ही मराठवाड्याची प्रौढ मतदानाची पहिली वेळ. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. बंदी असलेल्या कम्युनिस्टांच्या आघाडीने ४२ जिंकल्या, समाजवादी ११ आणि शेतकरी कामगार पक्ष १० जागांवर आला. बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले. दिल्लीत आणि हैदराबादेत या निकालाकडे लोकमान्यतेचा शिक्का म्हणूनच पाहिले गेले, आणि न झालेल्या घटनासभेची आठवण काढण्याचे कारण उरले नाही.

निवडणूक ही सार्वमताची जागा घेऊ शकते काय? याचे उत्तर पुढे गोव्याने दिले, आणि ते मराठी वाचकाला अजूनही झोंबते. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात महाराष्ट्रातील विलीनीकरणावर मतदान झाले. विलीनीकरणाचे फूल १,३८,१७० मतांवर थांबले, स्वतंत्र अस्तित्वाच्या दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, भाऊसाहेब बांदोडकरांना, पुन्हा सत्तेवर बसवले. पक्ष हवा, पण त्याचा मुख्य मुद्दा नको, असे दुहेरी उत्तर लोक शांतपणे देऊ शकतात, फक्त प्रश्न दोन वेगळे विचारले पाहिजेत. १९५२ मध्ये मराठवाड्याला एकच विचारला गेला. काँग्रेसला पडलेल्या मतात विलीनीकरणाचा हर्ष किती, कुळकायद्याची आशा किती आणि गावच्या पाटलाचा दबाव किती, हे वेगळे काढता येत नाही.

पुढचा मोठा प्रश्न आला तो भाषावार प्रांतरचनेचा, आणि तोही विनामतदानच सुटला. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार पुढाऱ्यांनी केला. मराठवाडा बिनशर्त महाराष्ट्रात आला असे आपण अभिमानाने सांगतो. अट घालायची की नाही हे ज्यांना विचारायला हवे होते, त्यांना कोणी विचारले नाही, हे त्या अभिमानात झाकले जाते. राज्य पुनर्रचना आयोगाने १,५२,२५० निवेदने स्वीकारली, नऊ हजारांहून अधिक लोकांशी चर्चा केली आणि १०४ ठिकाणे पालथी घातली. निवेदन लिहिता येणाऱ्यांची ती एक प्रचंड जनगणनाच होती. ज्याला अंगठाच उमटवता येत होता तो तिच्यात आला नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातील मराठवाड्याचे कलम एकदा मुळातून वाचावे. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले, आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. नांदेड जिल्हा आला, पण देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल, मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे वगळून. आदिलाबादेतून किनवट आणि राजुरा तालुके व इस्लापूर मंडळ आले. राजुरा पुढे चांद्याकडे गेला. रेषा इतकी बारीक ओढली होती की ती महसुली मंडळांमधून गेली. मुधोळ-भैंशाच्या मराठी घरांना किंवा सीमेलगतच्या तेलुगू घरांना विचारण्यासाठी त्याहून बारीक काही करावे लागले नसते, एका पेटीची सोय पुरली असती. १ नोव्हेंबर १९५६ ला हे सारे अंमलात आले. त्याच क्षणी राजप्रमुखपदच घटनेतून गेले आणि निजामाची कारकीर्द संपली. त्याला हटवले कोणी नाही, खुर्चीच उचलली गेली. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला.

या रेषेवरचा प्रश्न अलीकडे पुन्हा डोके वर काढून गेला. २०१८ आणि २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील, विशेषतः धर्माबाद भागातील, काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. कारणे भाषेची नव्हती. पलीकडच्या शेतकऱ्याला एकरी अनुदान मिळते, वीज मिळते, आम्हाला का नाही, असे ते विचारत होते. सरपंच हैदराबादला जाऊन मुख्यमंत्र्यांना भेटले. तिकडे त्यांचे स्वागत झाले, इकडे त्यांच्यावर टीका झाली. संयुक्त महाराष्ट्राची शपथ आठवून देणारे पुष्कळ होते. ग्रामसभेने असा ठराव केला तर त्याचे घटनात्मक मोल काय, हे कोणी सांगितले नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत फक्त मागवले जाते, आणि तेही संसदेवर बंधनकारक नसते. त्या गावात राहणाऱ्या माणसाचे मत मागवण्याची तरतूद त्यात नाही.