केमेमलीक : खोट्या गळतीतून खरी गळती

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, कामापुरती घेतलेली मेमरी काम संपल्यावर परत केली नाही आणि तिचा पत्ताही कुठे नोंदलेला उरला नाही, तर ती मेमरी लीक ठरते. साधा प्रोग्रॅम बंद झाला की त्याने अडवलेली जागा मोकळी होते. कर्नलने अडवलेली जागा मात्र मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत अडूनच राहते. धाराशिवच्या बाजारात विकला जाणारा अँड्रॉइड फोन असो की महिनोन्‌महिने चालू राहणारा सर्व्हर, आत बहुधा लिनक्सचेच कर्नल असते. म्हणून तिथली थेंबाथेंबाची गळतीही महागात पडते.

लिनक्समध्ये ही गळती शोधणारे साधन म्हणजे केमेमलीक. आर्म कंपनीतले कतालिन मारिनास यांनी 2006 मध्ये त्याचा पहिला मसुदा मांडला. तीन वर्षांनी, सप्टेंबर 2009 मध्ये आलेल्या 2.6.31 या आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले.

त्याची विद्या जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी 1960 मध्ये लिस्प भाषेसाठी निरुपयोगी मेमरी हुडकण्याची रीत सांगितली. डायक्स्ट्रा, लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ती पांढरा, राखाडी आणि काळा अशा तीन रंगांत बसवली. पत्त्यासारखा दिसणारा प्रत्येक आकडा पत्ताच मानायचा, ही सी भाषेसाठीची सावध युक्ती बोहम आणि वायझर यांनी 1988 मध्ये दिली. केमेमलीक याच रीतीने दर दहा मिनिटांनी मेमरी धुंडाळते. पत्ता न सापडलेला मेमरीचा तुकडा पांढरा, म्हणजे संशयित. मात्र ते काहीही मोकळे करत नाही, फक्त कळवते.

अडचण इथेच आहे. धुंडाळणी चालू असताना कर्नल थांबलेले नसते. एखादा पत्ता त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये असतो, एखादा तुकडा एका यादीतून दुसरीत जात असतो, आणि धडधाकट मेमरी संशयितांत जमा होते. यावर पहिली अट वयाची : जन्माला येऊन पाच सेकंदही न झालेल्या तुकड्याबद्दल तक्रार करायची नाही. पण वयस्क तुकडेही याद्यांमधून फिरतच असतात. म्हणून मारिनास यांनी ऑक्टोबर 2009 मध्ये चेकसमची भर घातली. संशयित तुकड्यातल्या मजकुराचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा पडताळा-आकडा, काढून ठेवायचा आणि पुढच्या फेरीत तो बदललेला दिसला, तर तक्रार रोखायची. ज्यात अजून कोणीतरी लिहिते आहे ती जागा हरवलेली कशी असेल? विचार साधा आहे आणि अतिशय नेमका.

त्याच सुमारास वायरलेस ड्रायव्हरवर काम करणारे लुइस रॉड्रिगेझ यांनी ‘क्लिअर’ ही आज्ञा आणली. मशीन सुरू होताना जमलेल्या तक्रारींच्या ढिगात आपल्या ड्रायव्हरची गळती दिसेनाशी होते. ‘क्लिअर’ दिले की तोवर कळवलेले सगळे संशयित तुकडे राखाडी होतात. मग फक्त आपला भाग चालवायचा, पुन्हा धुंडाळायचे आणि नव्याने आलेलेच वाचायचे. राखाडी रंगाची निवड विचारपूर्वक आहे. केमेमलीकमध्ये काळा तुकडा कळवला जात नाही आणि आतून तपासलाही जात नाही. या तुकड्यांना काळे केले असते, तर केवळ त्यांच्यातच पत्ता असलेली मेमरी बेवारस ठरून तक्रारी नव्याने उगवल्या असत्या. राखाडी तुकडा कळवला जात नाही, पण त्यातले पत्ते मोजले जातात. याची किंमतही आहे : त्या ढिगात एखादी खरी गळती असेल, तर तीही नजरेआड होते.

या सगळ्या युक्त्या आज सिझकॉलर या कर्नलच्या स्वयंचलित चाचणी-साधनात एकत्र दिसतात. ते सुरुवातीला धुंडाळते, पाच सेकंद थांबते, पुन्हा धुंडाळते आणि ‘क्लिअर’ देऊन सुरुवातीच्या तक्रारी बाजूला सारते. चाचणीनंतर ते धुंडाळते, तुकड्यांचे वय भरू देऊन पुन्हा धुंडाळते, काही संशयित निघालेच, तर आणखी एकदा धुंडाळते, आणि तरीही जे टिकते त्याचीच नोंद करते.