‘चीनचा व्यापार’

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई घराण्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना मी ‘चायना ट्रेड’पाशी अडले. ‘चीनचा व्यापार’ असे लिहिले, आणि खोडले. जमशेटजी कापूसही पाठवत. पण त्यांची दौलत वाढली ती मुख्यतः माळव्याच्या अफूवर. १८०५ मध्ये फ्रेंचांनी ‘ब्रन्सविक’ जहाज पकडले तेव्हा त्यांच्याबरोबर जहाजाचा डॉक्टर विल्यम जार्डिनही कैदेत पडला. पुढे कॅन्टनमध्ये हाच जार्डिन त्यांचा अडत्या!

१८५३ मध्ये जमशेटजींनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. आज आपण जिला नुसते ‘जे. जे.’ म्हणतो ती ही शाळा, १८५७ मध्ये सुरू झालेली. तिच्याच विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. कित्येक नकला लंडनच्या आगीत जळाल्या. उरलेल्या मी पुस्तकांतूनच पाहिल्या आहेत, आणि त्या मला फार आवडतात. अडचण खरी तिथेच होती. अफू हा शब्द मला त्या चित्रांशेजारी नको होता.

शेवटी ‘चीनशी चालणारा अफूचा व्यापार’ असे लिहिले, आणि मूळ लेखात अफूचा उल्लेख नाही, हे तळटीपेत नोंदवले.